बिटकॉइनचे पेंडिंग व्यवहार एकदम वाढतात किंवा एकदम घटतात, ते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आमची मंडळी निरनिराळी आहेत. कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी मुंबईत चाकरमानी, कोणी गावातच होमस्टे चालवणारं. पण मेसेज बहुतेक एकच येतो. मेमपूलच्या आलेखाचा स्क्रीनशॉट आणि खाली "हे काय झालं?" तेच तेच टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून सगळं इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः बिटकॉइनची आहेत, इथेरियम आणि ट्रॉन प्रश्न १७ मध्ये. बिटकॉइन घ्यावं की नाही, यावर इथे काही मिळणार नाही.

१. मेमपूल म्हणजे काय? माझे पैसे तिथे ठेवलेले असतात का?

नाही. तुम्ही व्यवहार पाठवला की तो नेटवर्कवरच्या हजारो नोडांकडे, म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संगणकांकडे, पोचतो. प्रत्येक नोड तो तपासून आपापल्या मेमरीत ठेवतो. पाठवलेल्या पण ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या कायमच्या नोंदवहीच्या पानात) न गेलेल्या व्यवहारांचा हा साठा म्हणजे मेमपूल. त्यात असते ती फक्त सही केलेली सूचना. ती ब्लॉकमध्ये जाईपर्यंत हिशोबात पैसे जुन्याच पत्त्यावर असतात. आणि सगळ्यांचा मिळून एक मेमपूल कुठेच नसतो. हे वाक्य लक्षात राहिलं तर प्रश्न ८, ९ आणि १० आपोआप सुटतात.

२. पेंडिंगचा आकडा दीड लाखावर गेलाय. माझा व्यवहार अडकणार का?

आकड्यावरून सांगता येत नाही. मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, आधी कोण आलं ते बघत नाही, प्रत्येक व्हर्च्युअल बाइटमागे (व्यवहाराचा आकार मोजण्याचं एकक) किती सातोशी (बिटकॉइनचा सर्वात छोटा भाग) मिळतात ते बघतो. यालाच पुढे दर म्हटलं आहे. म्हणून रांगेत एकूण किती आहेत हे विचारू नका. तुमच्यापेक्षा जास्त दर देणारे किती आहेत ते विचारा.

समजा आकडा दीड लाख आहे, तुमचा दर १२ आहे आणि १२ च्या वरचे सगळे व्यवहार मिळून ३ लाख व्हर्च्युअल बाइट भरतात. एका ब्लॉकमध्ये साधारण १० लाख मावतात. म्हणजे पुढच्याच ब्लॉकमध्ये तुमचा नंबर लागायला हरकत नाही. आता उलटं घ्या. आकडा फक्त वीस हजार, पण तुमचा दर १ आणि वरच्यांचे मिळून ६० लाख. म्हणजे सहा ब्लॉक, अंदाजे एक तास, तोही मधल्या काळात जास्त दराचं कोणी नवीन घुसलं नाही तरच.

मेमपूल डॉट स्पेससारख्या साइटवर व्यवहारांचे थर दरानुसार रंगवलेले असतात. आपल्या दराची पट्टी शोधायची आणि तिच्या वर किती साचलंय एवढंच बघायचं. वरचा मोठ्ठा आकडा बातम्यांच्या कामाचा आहे, आपल्या नाही.

३. मी आणि माझ्या मावसभावाने सारखीच फी भरली. त्याचा व्यवहार गेला, माझा लटकला. असं का?

कारण फी रकमेवर नसते, व्यवहाराच्या आकारावर असते. एका ठिकाणाहून आलेलं नाणं वापरून एकाला पाठवलं आणि सुटे आपल्याकडे परत घेतले, तर 'बीसी१क्यू'ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर असा व्यवहार १४१ व्हर्च्युअल बाइटचा होतो. वॉलेटात दहा वेळा थोडं थोडं जमा झालेलं असेल आणि ते सगळं एकत्र खर्च केलं, तर प्रत्येक जादा नाण्यामागे ६८ वाढतात आणि एकूण ७५३ होतात. दोघांनी १,४१० सातोशी फी दिली असेल तर त्याचा दर १० पडला आणि तुमचा दोनहून कमी.

दर आठवड्याला चिमूटभर घेऊन लगेच वॉलेटात आणणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. त्यावरचा उपाय प्रश्न १६ मध्ये.

४. बाजारात काहीच घडलं नाही, तरी अर्ध्या तासात आकडा चढला. कोणी हल्ला केलाय का?

बहुधा ब्लॉकच आला नसेल. "दर दहा मिनिटांनी ब्लॉक" हे फक्त सरासरीचं बोलणं आहे. पुढचा ब्लॉक कधी सापडेल हे पूर्णपणे नशिबावर असतं आणि आधी किती वेळ गेला याचा पुढच्यावर काही परिणाम होत नाही. हिशोब मांडला तर अर्ध्या तासाहून मोठा खंड दिवसाकाठी सात वेळा पडतो आणि तासाहून मोठा खंड साधारण तीन दिवसांतून एकदा. त्यात बिघाड काही नाही.

हर्णैच्या किनाऱ्यावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिलाय ना? होड्या घड्याळ बघून येत नाहीत. बराच वेळ एकही लागली नाही की घेणारे जमत जातात, आणि मग जी पहिली होडी येते तिच्यावर बोली चढते. पाठोपाठ तीन लागल्या तर तोच भाव दणकन उतरतो. घेणारे तेवढेच असतात, माल मात्र कधी येईल याचा नेम नसतो. मेमपूलमधले निम्मे चढउतार असेच असतात. म्हणून आकडा चढलेला दिसला की आधी शेवटचा ब्लॉक किती मिनिटांपूर्वी आला ते बघा. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील तर मोबाईल खिशात ठेवा.

५. तासाभराचं ठीक. पण ब्लॉक दिवसेंदिवस हळू येतात असं होतं का?

होतं, मायनिंगची यंत्रं एकदम बंद पडली की. ब्लॉक शोधण्याची काठिण्यपातळी दर २,०१६ ब्लॉकनंतरच बदलते, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी. मधल्या काळात यंत्रं घटली तर उरलेल्यांना तेवढंच अवघड गणित जास्त वेळ घेऊन सोडवावं लागतं.

२०२१ मध्ये हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळचे परिणाम उलटे होते. एप्रिलमध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात कोळसा खाणीतल्या दुर्घटनेनंतर वीज तोडली गेली आणि मायनर बंद पडले. तेव्हा बाजार तेजीत होता, त्यामुळे मेमपूल तुंबला आणि फी कडाडली. त्यानंतर मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर टाच आणली. जगातली निम्म्याच्या आसपास यंत्रं थांबली आणि ३ जुलैला काठिण्यपातळी सुमारे २८ टक्के उतरली, बिटकॉइनच्या इतिहासातली ती सर्वात मोठी घट. तरीही त्या वेळी मेमपूल बऱ्यापैकी शांत होता, कारण बाजार पडला होता आणि पाठवणारेच कमी झाले होते. तेव्हा "यंत्रं घटली, म्हणजे आता फी वाढणार" असं कोणी छातीठोक सांगितलं, तर ऐकून सोडून द्या.

६. ब्लॉक वेळेवर येतायत, तरीही गर्दी उसळली. ही गर्दी कोण करतं?

कारणं बरीच आहेत, पण वारंवार दिसणारी तीन.

पहिलं, भाव. तो जोरात हलला, वर किंवा खाली, की लोक एक्स्चेंजवर (नाणी खरेदी-विक्रीच्या साइटवर) नाणी आणतात किंवा तिथून काढतात. डिसेंबर २०१७ मधली गर्दी अशीच होती. एका व्यवहाराची सरासरी फी तेव्हा ५० डॉलरच्या वर गेली होती.

दुसरं, एक्स्चेंजच्या ठरलेल्या वेळा. बिटमेक्स हे एक्स्चेंज काही वर्षं दिवसभरातले पैसे काढण्याचे अर्ज एकत्र करून दुपारी एक वाजता, जागतिक वेळेनुसार, एकदम सोडायचं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. रोज दिवेलागणीला फीचा आलेख वर उडी मारायचा. नवख्यांना त्यात कटकारस्थान दिसायचं, असायचं फक्त वेळापत्रक. हल्ली तसं नाही, पण एखादी उडी रोज त्याच वेळेला दिसली की आधी हाच संशय घ्यावा.

तिसरं, साखळीवर नवीन काहीतरी छापण्याची टूम. जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डिनल्स (चित्रं-मजकूर साखळीवर कोरण्याची पद्धत) आलं, मार्चमध्ये त्याच पद्धतीने छापलेली बीआरसी-२० टोकन आली आणि मे महिन्यात पेंडिंग व्यवहार चार लाखांच्या वर गेले. बायनान्सने ७ आणि ८ मेला बिटकॉइन काढणं तात्पुरतं थांबवलं होतं. २० एप्रिल २०२४ ला तर हाविंग (मायनरचं बक्षीस निम्मं होणं) आणि रून्स (टोकन छापण्याची आणखी एक पद्धत) एकाच ब्लॉकवर आले, क्रमांक ८,४०,०००. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. मायनरचं बक्षीस त्या ब्लॉकपासून ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं आणि त्या एका ब्लॉकमध्ये नुसती फीच ३७ बिटकॉइनहून जास्त जमली. त्या सकाळी ज्याने घाईने व्यवहार केला त्याने हौशी लोकांच्या लिलावात बोली लावली, एवढंच.

७. आकडा लाखांत आहे, पण पुढच्या ब्लॉकची फी अगदी कमी दाखवतंय. कसं शक्य आहे?

ढीग सगळा तळाला आहे म्हणून. कमीत कमी दराने पाठवलेले, "कधी का जाईना" अशा वृत्तीचे व्यवहार तिथे पडून राहतात. टोकन छापणारे असतात, आपली चिल्लर एकत्र करणारी एक्स्चेंज असतात. त्यांना घाई नसते. २०२३ पासून असा तळ साचलेलाच होता, तो २०२५ च्या सुरुवातीला जवळपास रिकामा झाला. तुमचा दर त्या थराच्या थोडा वर असला की खाली लाख असोत की दोन लाख, तुम्हाला फरक पडत नाही. हिशोब प्रश्न २ प्रमाणेच.

८. आकडा दहा मिनिटांत निम्मा झाला. एवढे व्यवहार पूर्ण झाले?

नाही. एका ब्लॉकमध्ये सहसा काही हजार व्यवहार मावतात. आकडा लाखाने पडला तर तो ब्लॉकमुळे पडलेला नाही. मग कारण बघणाऱ्याकडे असतं. ती साइट ज्या नोडवरून आकडा घेते तो नोड पुन्हा सुरू झाला असेल. किंवा मालकाने त्याची मर्यादा बदलली असेल. किंवा दोन आठवड्यांपूर्वी एकदम आलेला लोंढा मुदत संपून एकदम गळला असेल, कारण बिटकॉइन कोअरमध्ये (बहुतेक नोड चालवतात ते सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगने पेंडिंग व्यवहार ३३६ तास, म्हणजे १४ दिवस ठेवला जातो.

मेमरी भरल्यावरही छाटणी होते. मूळ मर्यादा ३०० मेगाबाइटची. ती ओलांडली की नोड सर्वात कमी दराचे व्यवहार टाकून देतो आणि "यापेक्षा कमी दराचं आता घेणार नाही" असं शेजारच्या नोडांना कळवतो. त्यामुळे खऱ्या तुडुंब गर्दीत आलेख एका उंचीवर सपाट झालेला दिसतो. ती गर्दीची मर्यादा नव्हे, त्या नोडच्या मेमरीची.

उतार खरा की भासाचा हे ओळखायचं तर दुसऱ्या साइटवर तोच वेळ बघा. दोन्हीकडे पडला असेल तरच विचार करा.

९. दोन साइटवर दोन आकडे दिसतात. खरा कोणता?

दोन्ही. प्रत्येक जण आपल्या नोडचं सांगतो (प्रश्न १). शिवाय एकजण नोडने व्यापलेली मेमरी मेगाबाइटमध्ये सांगतो, दुसरा व्यवहारांचा व्हर्च्युअल आकार. पहिला आकडा बराच मोठा असतो, कारण मेमरीत व्यवहारासोबत बाकीची नोंदवहीही असते.

२०२५ पासून आणखी एक भर पडली. आधी बहुतेक नोड १ सातोशीच्या खालचा दर घेतच नसत. आता बिटकॉइन कोअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही किमान मर्यादा ०.१ वर आली आहे. नवी आवृत्ती चालवणाऱ्याला तळाचे जे व्यवहार दिसतात, ते जुनी चालवणाऱ्याच्या गावीही नसतात.

१०. मी घरी स्वतःचा नोड चालवतो. लाईट जाऊन आली आणि मेमपूल जवळजवळ शून्य! सगळे व्यवहार गेले?

पावसाळा लागला की हा प्रश्न दर आठवड्याला येतो. काही गेलेलं नाही, फक्त तुमचा नोड विसरलाय.

नीट बंद केला तर बिटकॉइन कोअर मेमपूल डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू होताना परत वाचतो. महावितरण असं सांगून लाईट नेत नाही. लाईट झटक्यात गेली की ती फाइल लिहिलीच जात नाही. सुरू झाल्यावर नोड मागच्या वेळची शिळी फाइल उघडतो, त्यातले बरेचसे व्यवहार एव्हाना ब्लॉकमध्ये गेलेले असतात म्हणून टाकून देतो, आणि हाती उरतं जवळपास काहीच नाही. नंतर शेजारचे नोड त्याला नवे व्यवहार कळवत राहतात, पण आधीपासून तळाला पडलेले कोणी आपणहून आणून देत नाही. म्हणून काही तासांनी वरचे थर जगाशी जुळतात आणि खालचा थर बरेच दिवस पातळच दिसतो. तेवढ्या काळात "मेमपूल रिकामा झालाय, फी १ ठेवा" असा सल्ला ग्रुपवर देऊ नका. देणारे आहेत.

इन्व्हर्टर नसेल तर निदान छोटा यूपीएस लावा. ढग गडगडायला लागले की सेव्ह-मेमपूल ही आज्ञा देऊन नोड नीट बंद करा. मेमपूल परत भरेल, पण अर्धवट लिहिलेला ब्लॉकचा डेटाबेस खराब झाला तर दुरुस्तीत दिवस जातात.

११. वादळात टॉवर गेला, नेट बंद. पाठवलेला व्यवहार थांबेल का?

एकदा नेटवर्कवर पोचला असेल तर नाही. तुमचा फोन बंद असला तरी बाकीच्यांकडे तो आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी अडचण व्यवहाराची नसते, आपल्याला तो बघता येत नाही एवढीच असते. दर कमी ठेवला असेल तर मात्र फी वाढवायलाही नेट लागतं. वादळाचा इशारा असताना पाठवायचंच असेल तर दर थोडा चढा ठेवा.

१२. एक्स्चेंजवरून काढले, कालपासून 'प्रोसेसिंग' दिसतंय. मेमपूल तुंबलाय का?

ट्रान्झॅक्शन आयडी (व्यवहाराचा ओळखक्रमांक) मिळाला आहे का, ते आधी बघा. मिळाला नसेल तर व्यवहार नेटवर्कवर आलेलाच नाही, तो एक्स्चेंजच्याच दारात आहे. त्यांची तपासणी, त्यांच्या पाठवण्याच्या वेळा, काहीही असेल. मेमपूलचा आलेख बघून उपयोग नाही, तक्रार तिथेच करा. आयडी असूनही कुठल्याच साइटवर सापडत नसेल, तरी विचारा त्यांनाच.

१३. आयडी आहे, व्यवहार दिसतोय, पण दर कमी पडला. आता?

थांबणं हा पहिला पर्याय, आणि बहुतेकदा तोच बरा. शनिवार-रविवारी बरंच मोकळं होतं.

घाई असेल तर वॉलेटमधून फी वाढवा. तीच नाणी वापरून जास्त फीचा नवा व्यवहार जातो आणि जुन्याची जागा घेतो. पाठवणारे तुम्ही नसाल, घेणारे असाल, तर तुम्हाला येणारं ते पेंडिंग नाणंच जास्त फी देऊन आपल्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. मायनरला ती फी हवी असेल तर आधीचा व्यवहारही घ्यावाच लागतो. फी दोन्हींच्या एकत्र आकारावर मोजली जाते, म्हणून हिशोब करून भरा. एक अपवाद: आधीचा व्यवहार नोडांनी टाकूनच दिला असेल (प्रश्न ८), तर हा मार्ग कितपत चालेल ते नोडांच्या आवृत्तीवर ठरतं. मग पाठवणाऱ्यालाच सांगा.

१४. पंधरा दिवस झाले आणि व्यवहार दिसेनासा झाला. आता परत पाठवू?

पाठवा, पण तेच नाणं वापरून. नोडांनी व्यवहार विसरला म्हणजे तो रद्द झाला असं नाही. तुमची सही असलेली ती सूचना अजून कोणाकडे तरी असू शकते, आणि कोणीही ती पुन्हा नेटवर्कवर टाकू शकतं. दुसऱ्या नाण्यांतून नवे पैसे पाठवलेत आणि महिन्याने जुना व्यवहारही गेला, तर दोनदा दिल्यासारखं होईल. तेच नाणं दुसऱ्या व्यवहारात खर्चून तो कन्फर्म झाला, म्हणजे ब्लॉकमध्ये गेला, की जुना कायमचा बाद.

१५. तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. पाहुण्याने पेंडिंग व्यवहार दाखवला तर खोलीची चावी द्यावी का?

देऊ नका. प्रश्न १३ मधली फी वाढवण्याची सोयच पैसे स्वतःकडे वळवायलाही वापरता येते. पूर्वी त्यासाठी व्यवहारावर तशी खूण लागायची. २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर २८ पासून नोड मूळ सेटिंगनेच खुणेविना बदली स्वीकारतात. मेमपूल मोकळा असो की तुंबलेला, एक तरी कन्फर्मेशन येऊ द्या. तोवर पाहुण्याला सोलकढी द्या.

१६. कमी फीची वेळ कोणती?

आपली सकाळ, त्यातही रविवारची. अमेरिकेचा कामाचा दिवस आपल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत चालतो, गर्दी सहसा तेव्हाच असते. प्रश्न ३ मधली चिल्लर एकत्र करायची तर अशाच शांत वेळी, किमान दराने. मात्र एकत्र केलेली नाणी एकाच मालकाची आहेत हे सगळ्या जगाला दिसतं, हेही ध्यानात ठेवा.

१७. भाऊ दुबईहून यूएसडीटी पाठवतो. तिथेही हेच सगळं लागू का?

थोडंच. यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं टोकन बहुधा ट्रॉन किंवा इथेरियम या वेगळ्या साखळ्यांवरून जातं. ट्रॉनवर ब्लॉक काही सेकंदांत येतात आणि खर्च 'एनर्जी' व 'बँडविड्थ'च्या हिशोबाने लागतो. तिथे व्यवहार फसतो तो बहुधा खात्यात पुरेसे टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) नसतात म्हणून.

इथेरियमवर ब्लॉक दर १२ सेकंदांनी येतो आणि ऑगस्ट २०२१ पासून मूळ फी गर्दीनुसार आपोआप बदलते, एका ब्लॉकमागे जास्तीत जास्त साडेबारा टक्के. तिथली खोड वेगळी आहे. एका खात्याच्या व्यवहारांना ओळीने क्रमांक असतात. पाचवा अडकला तर सहावा, सातवा कितीही फी देऊन जात नाहीत. त्याच पाचव्या क्रमांकाने जास्त फीचा व्यवहार पाठवला की सगळी ओळ सुटते.

१८. "अडकलेला व्यवहार सोडवून देतो" असा मेसेज आला. खरं असतं का?

काही मायनिंग पूल (एकत्र काम करणारे मायनरांचे गट) पैसे घेऊन व्यवहार पुढे घेतात, हे खरं. त्यांना फक्त ट्रान्झॅक्शन आयडी लागतो. वॉलेटची किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द मागणारा, स्क्रीन शेअर करायला लावणारा चोर असतो, मराठीत कितीही गोड बोलो. गर्दीच्या दिवसांत असे मेसेज दुपटीने येतात. फसला असाल तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

१९. जास्त भरलेली फी टॅक्समध्ये वजा होते का?

नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते.

२०. एक कन्फर्मेशन आलं होतं, आता पुन्हा पेंडिंग दिसतं. हे काय?

दोन मायनरना जवळजवळ एकाच वेळी ब्लॉक सापडले, आणि तुमचा ज्यात होता तो मागे पडला. त्या ब्लॉकमधले जे व्यवहार दुसऱ्यात नव्हते ते मेमपूलमध्ये परत येतात, आणि पेंडिंगचा आकडाही त्या क्षणी थोडा वर जातो. बहुतेक वेळा पुढच्याच ब्लॉकमध्ये तुमचा व्यवहार पुन्हा लागतो. एकाहून जास्त ब्लॉक मागे पडणं फार दुर्मीळ. मार्च २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांचं पटलं नाही तेव्हा २४ ब्लॉक मागे घ्यावे लागले होते. जमिनीचे किंवा होडीचे पैसे अशा मार्गाने घेत असाल तर सहा कन्फर्मेशनपर्यंत सही करू नका.